शिकायला जा, शिकवायलाही जा

परदेशी शिक्षणाचा विषय आपल्या महाविद्यालयांत निघतो तो बहुधा निकालानंतर, आणि तोही एखाद्या सल्लागार संस्थेच्या जाहिरातीमुळे. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात पहिला आकडा येतो तो कर्जाचा. ज्यांच्या घरी कोरडवाहू शेती, लहानसे दुकान किंवा रोजंदारी आहे, अशा मुलामुलींना हा आपला रस्ता नव्हे असे त्याच क्षणी वाटून जाते. आणि शिक्षकांना तर या चर्चेत आपली जागा कोणती, हेच उमगत नाही. मी एका राज्य विद्यापीठात अनेक वर्षे शिकवते आहे. आमच्या विद्यापीठाशी संलग्न असलेली बहुतेक महाविद्यालये तालुक्याच्या गावी आहेत, आणि तिथल्या विद्यार्थ्यांशी, प्राध्यापकांशी माझा नित्याचा संबंध येतो. परदेशी जाऊन शिकणे आणि शिकवणे हा विद्यापीठाच्या रोजच्या कामाचा भाग मानला पाहिजे, आणि ते काम विद्यार्थ्यांइतकेच प्राध्यापकांचे आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांचेही आहे, असे माझे ठाम मत या अनुभवातून झाले आहे.

शिकवण्यासाठी परदेशी जाणे आपल्याला नवे वाटते, पण मराठी माणसांत त्याचे उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे, आणि ते ज्याचे शालेय शिक्षणही धड झाले नव्हते अशा माणसाचे आहे. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील सांकवाळ येथे झाला. घरची नारळाची बाग सांभाळणाऱ्या या तरुणाने एका मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले, आणि १८९९ च्या अखेरीस ज्ञानासाठी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते श्रीलंकेला पोहोचले, तिथे बौद्ध ग्रंथांची पाली भाषा शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. कलकत्त्यात पाली शिकवण्याचे काम मिळाल्यावरही महाराष्ट्रात या विद्येचा पाया घालावा ही त्यांची ओढ कायम होती, आणि सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर ते इकडे आले. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांना त्यांनी इथेच पाली शिकवली, आणि त्या ओळखीतून १९१० मध्ये त्यांना हार्वर्डचे बोलावणे आले.

तिथे त्यांच्याकडे आलेले काम मोठे होते. हेन्री वॉरेन या अभ्यासकाच्या मृत्यूमुळे ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची चिकित्सित आवृत्ती (निरनिराळी हस्तलिखिते ताडून ठरवलेला पाठ) अपुरी राहिली होती, आणि ती पुरी करण्याइतका पालीचा अधिकार असलेली माणसे जगात थोडी होती. हे काम सरळ झाले नाही. श्रेय कोणाचे यावरून मतभेद झाले, आणि १९१२ मध्ये कोसंबी परत आले. मला त्यांच्या आयुष्यातील यापुढची सहा वर्षे फार महत्त्वाची वाटतात, कारण ती त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवण्यात घालवली, आणि महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासकांची पहिली पिढी या वर्गांतून उभी राहिली. १९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले, आणि या वेळी मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना बरोबर घेऊन गेले. दामोदर पुढे हार्वर्डमधूनच १९२९ मध्ये पदवीधर झाले, आणि भारतात परतून गणित व इतिहास या दोन्ही विषयांत त्यांनी केलेले काम सर्वज्ञात आहे. त्याच सुमारास धर्मानंद लेनिनग्राडला पाली शिकवण्यासाठी गेले. विसुद्धिमग्गाची ती आवृत्ती हार्वर्डच्या ग्रंथमालेत १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

कोसंबींची गोष्ट इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की परदेशी जाणे म्हणजे कायमचे निघून जाणे, हा आपला समज या एका चरित्रापुढे टिकत नाही. ते गेले, आले, इथे शिकवले, पुन्हा गेले, पुन्हा आले. प्रत्येक प्रवासाने त्यांच्या इथल्या अध्यापनात भर घातली, आणि इथे केलेल्या अध्ययनामुळेच तिकडे त्यांना मान मिळाला. इरावती कर्वे यांचे उदाहरणही असेच आहे; त्या १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. मानववंशशास्त्रातील ज्या संशोधकाच्या हाताखाली त्या काम करीत होत्या, त्याची गृहीते वंशश्रेष्ठत्वाकडे झुकणारी होती; कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध असल्याचे त्यांना आढळले नाही, आणि प्रबंधात त्यांनी तसेच निर्भीडपणे लिहिले. परतल्यावर त्यांनी काही वर्षे महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम पाहिले, आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात संशोधन व अध्यापन केले. बर्लिनमध्ये शिकून आलेली व्यक्ती विद्यापीठाच्या कार्यालयात बसून कारभार सांभाळते, ही गोष्ट आजच्या कुलसचिव कार्यालयांनी अवश्य लक्षात घ्यावी अशी आहे.

बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते, पण त्यातील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथल्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि अपुरा अभ्यास पुरा केला. म्हणजे हा दुसरा प्रवास मुंबईतल्या महाविद्यालयात वर्ग घेणाऱ्या एका प्राध्यापकाचा होता.

आता आजच्या विद्यार्थ्यांविषयी. बँकेचे कर्ज न काढता जाण्याचे मार्ग आहेत, आणि ते माहीत नसल्यामुळे न जाणाऱ्यांची संख्या पात्र नसल्यामुळे न जाणाऱ्यांपेक्षा मोठी असावी, असे मला वर्गांत प्रश्न विचारल्यावर नेहमी जाणवते. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना जागतिक क्रमवारीत वरच्या स्थानी असलेल्या विद्यापीठांत शिकण्यासाठी शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता आणि विमानप्रवासाचा खर्च देते. आदिवासी विकास विभाग, इतर मागास बहुजन कल्याण विभाग आणि मराठा-कुणबी समाजासाठीची सारथी ही संस्था यांच्याही स्वतंत्र योजना आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५० च्या दशकापासून चालू आहे. जमशेदजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापलेला शिक्षणनिधी आजही उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयांना कर्जरूप शिष्यवृत्ती देतो. या प्रत्येक योजनेचे उत्पन्नाचे, वयाचे आणि क्रमवारीचे निकष वेळोवेळी बदलतात; म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या ओळखीच्या मुलाच्या सांगण्यावर विसंबू नये आणि चालू वर्षाची जाहिरात स्वतः पूर्ण वाचावी.

युरोपची विद्यापीठीय देवाणघेवाणीची इरास्मस योजना मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण विद्यार्थी आणि कर्मचारी या दोघांचाही विचार एकाच आराखड्यात करण्याची रीत तिने घालून दिली. १९८७ मध्ये ११ देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांपासून तिची सुरुवात झाली. पंधराव्या-सोळाव्या शतकातील इरास्मस हा डच विद्वान आयुष्यभर एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जात राहिला. त्याचेच नाव तिला मिळाले. २००४ पासून तिची इरास्मस मुंडुस ही शाखा युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही खुली झाली. तीत किमान तीन देशांतील विद्यापीठे मिळून एक पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात, आणि विद्यार्थ्याला त्यांतील निदान दोन देशांत राहून शिकावे लागते. निवड झालेल्या शिष्यवृत्तीधारकाला शुल्क भरावे लागत नाही आणि राहण्या-जेवण्यासाठी व प्रवासासाठी दरमहा १,४०० युरो मिळतात. भारतीय विद्यार्थी या शिष्यवृत्त्या दरवर्षी मोठ्या संख्येने मिळवत आहेत. मात्र बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात घेतले जातात, आणि आपल्याकडे विद्यार्थी जागा होतो तो मे महिन्यात. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच हा शोध सुरू झाला पाहिजे.

ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा सगळा खर्च उचलते, पण तिच्यासाठी दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. म्हणून पदवीनंतर लगेच नोकरीला लागलेल्या मुलींनी आपली संधी गेली असे समजू नये, उलट ती आता सुरू झाली आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क घेतले जात नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शुल्क नसले तरी राहण्याच्या खर्चाची तजवीज व्हिसासाठी दाखवावी लागते, आणि हल्ली त्यासाठी, दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा, गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. हा आकडा लहान नाही. पालकांना तो आधीच स्पष्ट सांगावा, नंतर कळला की घरात कलह होतो, असे मी पाहिले आहे.

इंग्रजीच्या भीतीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. मराठी माध्यमात शिकलेले विद्यार्थी विषयात पक्के असूनही निवेदनपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) लिहिण्याच्या टप्प्यावर हातपाय गाळतात. निवड समितीला अलंकारिक इंग्रजी नको असते. तुम्ही कोणत्या प्रश्नाने अस्वस्थ आहात आणि तो सोडवण्यासाठी नेमके तेच विद्यापीठ का हवे, हे त्यांना कळायला हवे असते. मी विद्यार्थ्यांना ते निवेदन आधी मराठीत लिहायला लावते. दुष्काळी भागातल्या भूजलावर, ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळागळतीवर, सोयाबीनच्या भावावर आपल्या मुलांना जे ठाऊक आहे ते महानगरातल्या अर्जदाराला ठाऊक नसते, आणि मराठीत लिहिताना ते आपोआप कागदावर उतरते. मग त्याचे इंग्रजी करायला मदत करणारे मिळतात. इंग्रजी परीक्षेचे शुल्क पंधरा हजारांहून अधिक असते, तेव्हा ती सरावाशिवाय देऊ नये. जर्मन, फ्रेंच किंवा जपानी शिकण्याची संधी जवळ असेल, तर ती पदवीच्या पहिल्याच वर्षी घ्यावी. पुण्यात विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग आहेत, गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकता येते, आणि हे वर्ग खाजगी शिकवण्यांच्या मानाने स्वस्त आहेत.

प्राध्यापकांकडे वळते, कारण या लेखाचे खरे निमित्त तेच आहेत. आपल्या महाविद्यालयांतील शिक्षक परदेशी परिषदेला जाऊन शोधनिबंध वाचून येतो, आणि त्यालाच परदेशी अनुभव म्हटले जाते. त्यात गैर काही नाही, पण परदेशी वर्गात उभे राहून शिकवणे हा पूर्णपणे वेगळा अनुभव आहे. इरास्मसच्या कर्मचारी-देवाणघेवाण योजनेत भागीदार विद्यापीठाच्या शिक्षकाला किमान पाच दिवसांसाठी जाता येते, आणि आठवड्याला निदान आठ तास शिकवणे त्यात अपेक्षित असते. १९५० साली भारत आणि अमेरिका यांच्यात झालेल्या करारातून आलेल्या आणि २००८ पासून नेहरूंचे नाव जोडलेल्या फुलब्राइट योजनेत भारतीय प्राध्यापकांसाठी अध्यापनाच्या आणि संशोधनाच्या अधिछात्रवृत्त्या (फेलोशिप) आहेत. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद परदेशी विद्यापीठांतील अध्यासनांवर भारतीय प्राध्यापक पाठवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत नवोदित शिक्षकांना तीन वर्षांपर्यंतची अभ्यास रजा आहे, आणि सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षे सेवा झालेल्यांना एका वेळी एक वर्षापर्यंतची सब्बाटिकल रजा (नेहमीच्या कामातून मोकळे होऊन अभ्यास-संशोधनासाठीची) आहे. ही रजा घेतलेले सहकारी तुमच्या महाविद्यालयात किती आहेत, हे एकदा आस्थापना विभागात विचारून पाहावे.

अशाच एका देवाणघेवाणीतून मी पोलंडमधील एका विद्यापीठात काही दिवस शिकवून आले. तिथे माझ्यावर सर्वांत जास्त परिणाम झाला तो श्रेयांकाच्या (क्रेडिटच्या) हिशेबाचा. युरोपीय पद्धतीत एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते, आणि त्यात वर्गातल्या तासांबरोबर ग्रंथालयात, प्रयोगशाळेत आणि घरी केलेले वाचन-लेखनही मोजलेले असते. म्हणून सत्र सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक आठवड्याला काय वाचायचे हे विद्यार्थ्याच्या हाती पडते, आणि शिक्षक वर्गात आला की वाचलेल्या मजकुरावर बोलणे सुरू होते. मी तयार करून नेलेले व्याख्यान दुसऱ्या दिवशी बाजूला ठेवले आणि प्रश्नांवरून तास घेतला. परतल्यावर पदव्युत्तर वर्गासाठी मी वाचनाची साप्ताहिक यादी सत्राच्या आधी लावू लागले, तेव्हा सुरुवातीला विद्यार्थी कुरकुरले. काही आठवड्यांत मागच्या बाकांवरून प्रश्न येऊ लागले. परदेशी अध्यापनाचा हा लाभ अहवालात लिहिण्यासारखा नसतो, पण तो पुढे वर्षानुवर्षे त्या वर्गात शिकणाऱ्या, कधी परदेशी न गेलेल्या आणि बहुधा न जाणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचतो.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा विचार आपण करतच नाही, आणि हे मला खरोखर सलते. इरास्मसच्या याच योजनेत परीक्षा विभाग, ग्रंथालय, आंतरराष्ट्रीय कक्ष आणि लेखा विभाग येथील कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षणासाठी जाता येते. गुणपत्रकांचे प्रतिलेख (ट्रान्सक्रिप्ट) ज्यांच्या टेबलावरून निघतात, त्या कक्ष अधिकाऱ्याने परदेशी विद्यापीठाचा प्रवेश विभाग एक आठवडा आतून पाहिला, तर तारखा का पाळाव्या लागतात आणि विषयाचे नाव व श्रेयांक इंग्रजीत अचूक का लिहावे लागतात, हे त्याला परिपत्रकाने कधी समजणार नाही इतके नीट समजेल.

आणि अडचण नेमकी इथेच आहे. माझ्या माहितीतल्या एका विद्यार्थिनीला परदेशी विद्यापीठाने सशर्त प्रवेश दिला होता. तिच्या विद्यापीठाकडून अंतिम वर्षाचा निकाल आणि मोहोरबंद प्रतिलेख वेळेत न मिळाल्याने ते वर्ष हुकले. तिची गुणवत्ता, तिने मिळवलेली शिष्यवृत्ती, वडिलांनी केलेली पैशांची जमवाजमव, सारे एका कागदापाशी येऊन अडले. प्रतिलेखाचा अर्ज आल्यापासून तो देण्याची मुदत ठरवून ती फलकावर लावणे, परदेशी प्रवेशाचे पत्र दाखवणाऱ्या विद्यार्थ्याचा निकाल प्राधान्याने तपासून तात्पुरते प्रमाणपत्र देणे, शिफारसपत्र मागणाऱ्याला ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे न सांगता शिक्षकाने स्वतः बसून ते लिहिणे, आणि शिक्षकाचा ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज संस्थाचालक, प्राचार्य व विद्यापीठ यांच्या दरम्यान महिनोन्महिने न फिरवणे: या कामांना वेगळा निधी लागत नाही. परदेशी विद्यापीठात एक सत्र शिकून आलेल्या विद्यार्थ्याचे श्रेयांक इथे धरले जातील, हे त्याला जाण्यापूर्वीच लेखी मिळायला हवे. अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी भारतीय आणि परदेशी विद्यापीठांना संयुक्त पदव्यांची वाट मोकळी केली आहे. अभ्यास मंडळांनी विषयांची तुलना करून ठेवली, तर त्या नियमांचा उपयोग होईल.

गेलेली मुले परत येत नाहीत, मग आपण कशाला पाठवायचे, हा आक्षेप मी सभांमध्ये नेहमी ऐकते आणि तो प्रामाणिक आहे हेही मला मान्य आहे. काही जण परतत नाहीत. परंतु चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीत शिक्षण संपल्यावर निदान दोन वर्षे मायदेशी परतण्याची अटच आहे, आणि नोकरीवर असलेला शिक्षक बंधपत्र लिहून देऊनच जातो. न परतलेल्यांशीही महाविद्यालयाने संबंध राखला, तर त्यांच्याच प्रयोगशाळेत, त्यांच्याच विभागात पुढच्या विद्यार्थ्याला जागा मिळते. लोणार किंवा तासगावच्या महाविद्यालयातून गेलेल्या एखाद्या संशोधकाला दरवर्षी एकदा दूरसंवादाने वर्गाशी बोलायला लावणे कठीण नाही, आणि आपल्याच बाकावर बसलेली व्यक्ती पलीकडून मराठीत बोलताना पाहिली की विद्यार्थ्यांचे प्रश्न एकदम नेमके होतात: भाडे किती, थंडीत काय घालतेस, मार्गदर्शक कसे आहेत, एकटे वाटते का.

मुलींच्या पालकांशी मी वेगळे बोलते. एकटी कशी राहील, ही त्यांची काळजी खरी असते, आणि तिला पुरोगामी भाषणाने उत्तर देण्यापेक्षा वसतिगृहाची माहिती, तिथल्या मराठी किंवा भारतीय विद्यार्थिनीचा दूरध्वनी क्रमांक आणि आरोग्य विम्याचे कागद समोर ठेवणे जास्त उपयोगी ठरते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा यातले काहीच हाताशी नव्हते, आणि १८८६ मध्ये त्या वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या.

ज्या प्राचार्यांनी आणि विभागप्रमुखांनी हे इथवर वाचले आहे, त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या ऑक्टोबरपूर्वी आपल्या महाविद्यालयात एका शिक्षकाला आणि एका कार्यालयीन कर्मचाऱ्याला या कामासाठी नेमावे, त्यांच्या तासिकांतून व कामातून तेवढी सवलत द्यावी, आणि त्यांची नावे दर्शनी फलकावर लिहावीत. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी पासपोर्टचा अर्ज या महिन्यातच करावा. पोलीस पडताळणीला गावाकडे वेळ लागतो.